गोरिला भावकीत दाखल जाहला, त्याची हकीकत

पाटोदे प्रांतीं, सांप्रतचे सालीं, गोरिलियाचे नात्यावरून जें रण माजलें तें पुसाल तर बैसोन ऐकावें. पदरचें कांहीं घातलें नाहीं. घातलें असेल तें चवीपुरतें.

शाळेंत विज्ञान प्रदर्शन दुसरे दिवशीं भरणार, आणि विज्ञानाच्या बाई यशोधराबाई यांनीं आठ दिवस खपोन तक्ता रंगविला, एके फांदीस मनुष्य, शेजारचे फांदीस गोरिला, बुंधा एक, आणि माथां लिहिलें, 'आपला चुलत भाऊ'. जाहलें! वर्तमान पारावर पोहोंचलें, आणि शाळासमितीचे अध्यक्ष राजश्री आप्पाराव, जे शेताचे बांधापायीं सख्खे भावाशीं अकरा वर्षें अबोला धरून, ते खवळले, आणि मग मोटरसायकली नऊ व ट्रॅक्टर एक ऐसी फौज घेऊन शाळेवर चालून आले. मागोमाग तेच धाकटे बंधु बिभीषणरावही पायीं आले, परंतु कुंपणापाशींच थांबले. फर्मान सुटलें कीं तक्ता उतरवावा, नाहीं तर प्रदर्शन बंद.

बाईंनीं मनाशीं विचार केला. लेकरांस खरें शिकविलें, तें आतां खोटें कैसें म्हणावें? मग पदर खोचून तक्त्यापुढें उभ्या राहिल्या.

खासे आप्पाराव यांनीं जाब पुसिला कीं तो हाताच्या मुठी टेकून चालणार, आम्ही ताठ. तो मुका, आम्ही बोलके. मग भावकी कैंची? बाईंनीं अर्ज केला कीं मूळ पुरुष एक, वाटण्या होऊन कोटभर वर्षें लोटलीं, म्हणोन रूप पालटलें. परंतु अंगीचें बीज तपासिलें तर शंभरांत अठ्ठ्याण्णव हिस्से आजही जुळतें.

वाटणीचें नांव निघतांच खासे चपापले.

"मंग त्यो बांध कोरतो का न्हाई?"

"न्हाई ओ आप्पा. रोज सांजंला पाल्याचं नवं अंथरूण करतो, सकाळी सोडून जातो. बांधच न्हाई त्याला."

आप्पाराव तक्त्यापाशीं सरले, आणि मग उपरण्यानें डोळे पुसोन वदले, "लई गुणाचा भाऊ हाय बे!"

हुकूम जाहला कीं तक्ता दर्शनी भिंतीवर लावावा, आणि गोरिलियास कोणी परका म्हणूं नये. फौज माघारीं गेली.

येणेंप्रमाणें तक्ता राखिला, यशोधराबाईंची फत्ते जाहली, गोरिला भावकीत दाखल जाहला. शाळेस कुलूप घालतां बाईंनीं पाहिलें, बिभीषणराव अद्याप कुंपणापाशींच उभे होते. त्यांजविषयीं कांहींच हुकूम जाहला नव्हता.