मदत पायरी

गेल्या गणेशोत्सवात, देवासमध्ये, कुंदाताई पागे यांनी 'पायरी' या एका शब्दावर मदतीचे पान लिहिले. ते वर्तमानपत्रात छापले असते तर अर्धा रकाना भरला असता. पायरी कशी चढावी, एवढेच त्यात होते.

पान एका संगणकाच्या खेळासाठी होते. आमच्या गल्लीतला मनोज शिंदे कॉलेजात संगणक शिकवतो. हिंदी शाळेत जाणाऱ्या मंडळाच्या मुलांनी चार ओळी मराठी वाचाव्यात म्हणून त्याने हा खेळ तयार केला. त्यात चित्रे नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरे. 'तुम्ही मांडूला जहाज महालासमोर उभे आहात,' असे पडद्यावर येते. मग 'पुढे', 'चढ', 'उचल' असे शब्द टाइप करत महाल हिंडायचा आणि हरवलेली अंगठी शोधायची. अडले की 'मदत' लिहायचे आणि त्यापुढे जिथे अडले तो शब्द. त्या शब्दाचे पान उघडते. ही पाने लिहायला मनोजला कोणीतरी हवे होते. तो कुंदाताईंकडे गेला.

कुंदाताई माझ्या शेजारी राहतात. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीवर होत्या. कोणी नंबर विचारला की त्या सांगत, "नंबर लिहून घ्या, पण आत्ता लावू नका. सगळे नृसिंहाच्या दर्शनाला हाटपिपल्याला गेलेत. परत आले की आजोबा झोपतील, म्हणून चहाच्या वेळेला लावा." याबद्दल वरिष्ठांनी त्यांना समज दिली. त्या म्हणाल्या, "साहेब, नुसता नंबर तर पुस्तकही देतं. मग मी कशाला बसले आहे?"

निवृत्तीनंतर त्यांची चौकशी-खिडकी गावभर फिरू लागली. टोंकखुर्दच्या बसमध्ये चढणाऱ्या अनोळखी माणसाला, ऊन कोणत्या बाजूने येईल ते त्या खाली उभ्या राहून सांगतात. आमच्याकडे नवा कुकर आला, तेव्हा खोके फोडायच्या आत त्या दारात हजर होत्या. प्रत्येक माहितीची सुरुवात "आता गंमत ऐका!" अशी होते. हे म्हणताना त्यांचे दोन्ही हात वर जातात आणि हातातले काहीतरी खाली पडते. आमच्याकडे त्या दिवशी कुकरची शिट्टी पडली.

मनोजने नमुना म्हणून स्वतः एक पान लिहून दाखवले होते. 'वर जाण्यासाठी चढ लिहा.' कुंदाताईंनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"मन्या, ही मदत? हा तर पाठीमागून धक्का झाला!"

त्यांचे पान असे होते : 'आता गंमत ऐका. समोर जिना आहे. घाबरू नका, तो कुठे पळून जात नाही. आधी पाय पुढे सरकवून पायरीची कड चाचपा. पायरी घरच्या पायरीपेक्षा उंच आहे. हात बाजूच्या दगडाला लावा. दगड खडबडीत आहे, म्हणजे तुम्ही बरोबर आहात. वारा डाव्या गालाला लागला की समजा तलाव जवळ आला. दम लागला तर थांबा, मागे कोणी घाई करत नाही. आता चढ लिहा.'

अशीच 'दार', 'अंधार', 'पाणी' आणि 'माकड' यांची पाने झाली. कुंदाताईंच्या उत्साहाला ऊत आला होता. भाजी घेता घेता त्या भाजीवाल्याला विचारत, "भिया, अंधारात तुम्ही आधी हात पुढे करता की पाय?" भाजीवाला कोथिंबीर जास्त देऊन त्यांना वाटेला लावी.

मांडवात मुलांनी खेळ सुरू केला आणि मदतीपाशी येऊन बंद केला. एक मुलगी म्हणाली, "दादी, इतना कौन पढ़ेगा?"

"जो अडकलाय तो," कुंदाताई म्हणाल्या.

अनंत चतुर्दशीनंतर मनोजने सगळी पाने कापून एकेका ओळीची केली. खेळ चालू लागला. मुले अंगठी शोधू लागली. कुंदाताईंना त्याने हे सांगितले नव्हते.

त्यांना ते आठवड्याने कळले. त्या मनोजच्या घरी गेल्या, त्या वेळी मी तिथे होतो. त्यांनी गंमत ऐका म्हटले नाही.

"पानं परत लाव."

"मावशी, बच्चे बोर होतात नं. पायरी है, चढायची. त्यात काय समजवायचं?"

"दादा पायरीशी उभा आहे रे," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, तिथेच उभा आहे."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. ते धारला राहतात. शाळेच्या कचेरीत टायपिस्ट होते. धारला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला स्कूटरवर बसवून मांडूला नेणे हा त्यांचा जन्माचा शौक. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून ते खोलीबाहेर येत नव्हते. जेवणाचे ताटही खोलीत जाई. कुंदाताईंनी खेळ दादांच्या मुलाच्या संगणकावर त्यांना लावून दिला होता. अक्षरे वाचून दाखवणारा आवाज त्यात होता आणि दादांची बोटे कळफलक विसरली नव्हती. दार, अंधार आणि माकड पार करून ते जिन्याशी आले. तिथे त्यांनी मदत मागितली आणि एक ओळ ऐकली.

"मी फोनवर म्हटलं, दादा, खोटी पायरी आहे, लिही चढ. तर म्हणतो, कुंदे, तोल गेला तर? मग संगणक बंद केला. आता कोणी लावायला गेलं तर रागावतो."

मनोज उठला. त्याने पाने परत लावली आणि मुलांसाठी छोटी मदत वेगळी ठेवली. मोठ्या मदतीला नाव काय द्यायचे, असे त्याने विचारले. कुंदाताई म्हणाल्या, "निवांत."

दादांना पुन्हा खेळायला बसवण्यात दसरा गेला. एका सकाळी कुंदाताई दुधाची पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. दोन्ही हात वर गेले. "आता गंमत ऐका! दादा गच्चीवर पोचला! फोन करून मलाच सांगतो, तलावाचा वारा तू डावीकडून लिहिलास, तो उजवीकडून येतो!" दूध आमच्या पायपुसण्यावर सांडले. त्या नाचतच पान दुरुस्त करायला गेल्या. त्यानंतर रोज धारहून दुरुस्त्या येऊ लागल्या आणि कुंदाताई त्या गल्लीभर वाचून दाखवू लागल्या. महिनाभराने दादांनी निरोप दिला की काही गोष्टी जागेवर गेल्याशिवाय सांगता येणार नाहीत.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मनोजच्या गाडीने आम्ही धारला गेलो. दादा बूट घालून दारात उभे होते. मांडूला जहाज महालाच्या जिन्याशी मनोजने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला, दगडाला लावला आणि पाय पुढे सरकवून पायरीची कड शोधली. ते एकटे चढू लागले. कुंदाताई एक पायरी मागे होत्या. त्यांचे दोन्ही हात दादांच्या पाठीमागे पसरलेले होते, पण टेकलेले नव्हते. जिनाभर त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

वर पोचल्यावर दादा थांबले. त्यांनी मान वळवली.

"कुंदे, आहेस ना?"

"आहे," कुंदाताई म्हणाल्या.