निधनरावांचे पाच किनारे

"शहराजवळचे सर्फिंगसाठी चांगले किनारे. पाच पुरेत. गुरुवारपर्यंत द्या," पुरवणीच्या संपादिका म्हणाल्या आणि पुन्हा संगणकात डोकं घालून बसल्या.

निधनराव दारातून हलले नाहीत. "मॅडम, सर्फिंग म्हणजे ते फळीवर उभं राहून..."

"तेच."

"मी घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलेलो नाही. मला पोहता येत नाही."

"लिहिता येतं ना? भटकंतीचं पान लिहिणारा सोडून गेला. तुमचं पान बंद झालं. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

यावर सांगण्यासारखं बरंच होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. निधनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत त्यांचं उभं आयुष्य निधनवार्तांचं पान लावण्यात गेलं होतं आणि खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं उपयोगी पडत असे. कोण वृद्धापकाळाने गेलं, कोण अल्पशा आजाराने, कोणाच्या पश्चात किती सुना आणि किती नातवंडं, हे त्यांच्याइतकं शहरात कोणाला माहीत नव्हतं. पण आता लोक घरबसल्या आपापल्या माणसांच्या बातम्या स्वतःच भरून पाठवू लागले होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा मुद्रितशोधक मागच्या महिन्यात साहेबांच्या खोलीत गेला, तो बाहेर येऊन थेट घरीच गेला. त्याचा चष्मा अजून खणात पडून होता. निधनराव जागेवर येऊन बसले, तेव्हा त्यांची नजर आधी त्या खणाकडे गेली.

मग त्यांनी फळ्या भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराला फोन लावला.

"सर्फिंगला काय लागतं हो?"

"लाट लागते," दुकानदार म्हणाला. "उंच, अंगावर चालून येणारी. एकामागून एक. पाण्याला ओढ पाहिजे."

"आणि अशी लाट सगळ्यात चांगली कुठे मिळेल?"

"ते नाही सांगणार. सांगितलं की गर्दी होते."

आणखी दोन दुकानांतून हेच उत्तर आलं. निधनराव बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसले. समुद्राशी आपला काडीचा संबंध नाही, असं ते मनाशी घोळवत होते, आणि घोळवता घोळवता थांबले. संबंध नव्हता कसा? दीपगृहाखालच्या किनाऱ्यावर ते दंतवैद्य गेले होते, संध्याकाळचे पोहायला उतरलेले. त्याच किनाऱ्यावर ते दोघे मावसभाऊ. जुन्या धक्क्यापलीकडे गेले ते निवृत्त कप्तान, जगभरचे समुद्र पालथे घालून आले आणि घरापासून हाकेच्या अंतरावर बुडाले. काळ्या खडकांपाशी बँकेतली ती नवी मुलगी. एकेका किनाऱ्याची माणसं त्यांच्या डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली, चौकटीतल्या फोटोंसकट.

दुकानदाराला उंच लाट हवी होती आणि पाण्याला ओढ. जिथे ओढ जास्त, तिथे माणसं जास्त गेली असणार. उलटही तितकंच खरं. निधनरावांनी कागद पुढे ओढला आणि गेलेल्या माणसांच्या हिशेबाने किनाऱ्यांचे क्रम लावले. दीपगृहाखालचा किनारा निर्विवाद पहिला आला. माणसांचा मात्र त्यांनी लेखात चकार शब्द काढला नाही. लोक सुट्टीच्या दिवशी पुरवणी वाचतात, एवढं त्यांना कळत होतं.

लिहिण्याची पद्धत मात्र हाताला वळण पडलेली होती, ती कुठे जाणार? "येथील लाट अल्पशा उसळीनंतर शांतपणे किनाऱ्यावर विसावते," असं त्यांनी लिहिलं. आणि शेवटी, "या किनाऱ्याच्या पश्चात एक वाहनतळ, दोन दुकाने व झाडे असा परिवार आहे."

शनिवारी पुरवणी निघाली आणि दुपारपासून फोन खणखणायला लागला. सगळ्यात आधी तोच दुकानदार.

"आमची गुपितं फोडलीत तुम्ही," तो चिडून म्हणाला. "हे पाच किनारे आम्हाला सापडायला हयात गेली. आणि क्रमसुद्धा बरोबर लावलाय. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. माझ्या माझ्या माहितीतून लिहिलं."

पलीकडचा आवाज जरा खाली आला. "किती वर्षं करताय हे?"

"अर्धं आयुष्य यातच गेलं," निधनराव म्हणाले.

"भीती नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटायची. झोप यायची नाही. मग सवय होते. एक झाली की दुसरी येतेच, आपण थांबून चालत नाही."

"खरं बोललात," दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात आता निव्वळ आदर होता. "हे फक्त ज्याने केलंय त्यालाच कळतं, काका."

निधनरावांच्या ध्यानात गोंधळ आला, तोवर फोन बंद झाला होता.

सोमवारी मॅडम स्वतःच्या पायांनी त्यांच्या टेबलापाशी आल्या. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं. लेख आवडल्याची इतकी पत्रं पुरवणीला आजवर कधी आली नव्हती आणि विशेषतः ती भाषा, तो गंभीरपणा लोकांना फारच भावला होता. "येत्या रविवारी सकाळी आपण वाचकांना दीपगृहाखाली बोलावतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मार्गदर्शन करायचं."

"मॅडम, मला पोहता येत नाही हे मी आपल्याला..."

"मार्गदर्शन करायचंय, पोहायचं नाहीये. जाहिरात छापायला गेलीय."

आपण शहरातल्या तरण्याताठ्या पोरांना बोट धरून नेमकं कुठे नेऊन सोडतोय, हे एकट्या निधनरावांनाच माहीत होतं. जाहिरातीतून स्वतःचं नाव काढून घ्यावं म्हणून त्या आठवड्यात ते दोनदा मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि दोन्हीदा मुद्रितशोधकाचा खण आठवून परत फिरले.

रविवारी सकाळी बूट घालताना त्यांनी बायकोला विचारलं, "पोरगी उठली नाही अजून?"

"ती कधीच गेली," बायको आतून म्हणाली. "मैत्रिणींबरोबर. फळी भाड्याने घेणार म्हणत होती. अहो, तुमच्यामुळेच तर खूळ लागलंय."

"कुठे गेली?"

"समुद्रावर. आणखी कुठे जाणार?"

निधनरावांनी दुसरा बूट तसाच न बांधता पायात सरकवला आणि जिना उतरले.

दीपगृहाखाली जत्रा भरावी तशी माणसं जमली होती. वाळूवर फळ्याच फळ्या. समुद्र राखेच्या रंगाचा होता आणि लाटा एखाद्या भिंतीसारख्या उठून आडव्या होत होत्या. निधनराव गर्दीतून मुलीला शोधत निघाले, पण दर चार पावलांवर कोणीतरी हात मिळवायला पुढे येत होतं. जीवरक्षकाने त्यांना मनोऱ्याखाली गाठलं.

"लेख तुमचा का?" तो म्हणाला. "आठवडाभर माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. या किनाऱ्यावर काय काय झालंय, कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे," निधनराव म्हणाले. "तुमच्यापेक्षा जास्त."

निधनराव तिथल्याच एका उपड्या होडीवर चढले. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. निधनरावांनी ठरवलं होतं, नोकरी गेली तर गेली.

"परत जा," ते म्हणाले. "हा किनारा चांगला नाही. इथे एक दंतवैद्य गेले. त्यांच्या पश्चात पत्नी आणि दोन मुलगे. धाकटा तेव्हा शाळेत होता. इथेच दोघे मावसभाऊ गेले, एकाला वाचवायला दुसरा उतरला. त्यांची बातमी द्यायला आजोबा स्वतः आले होते. एकाच चौकटीत दोघांचे फोटो बसवा म्हणाले."

निधनराव बोलत राहिले, एकामागून एक, सगळ्यांची माहिती त्यांना तोंडपाठ होती. बोलता बोलता त्यांचा आवाज बसला. त्यांनी पाहिलं, तर पोरांच्या माना खाली गेल्या होत्या. दोघीतिघी डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दुकानदार पुढे आला. "काकांनी गेलेल्यांची आठवण काढली, चांगलं केलं," तो म्हणाला. "पहिली लाट त्यांच्यासाठी." आणि अख्खा जमाव फळ्या काखेत मारून पाण्याकडे निघाला.

निधनराव होडीवरच उभे राहिले. त्या उंचीवरून त्यांना ती दिसली. लाटांच्या पार पलीकडे, फळीवर पालथी पडलेली, डोक्याला पिवळी टोपी. तशीच टोपी मुलीने मागच्या वाढदिवसाला हट्टाने घेतली होती.

त्यांनी हाक मारली. ती त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही. मग ते चालू लागले. घोट्यापर्यंतचं पाणी त्यांच्या ओळखीचं होतं. गुडघ्यापर्यंत थंडी वाजली. कमरेपाशी आल्यावर पायाखालची वाळू कोणीतरी चटई ओढावी तशी सरकली आणि दीपगृह, आकाश, माणसं सगळं एकदम नाहीसं झालं.

पाण्याखाली फार आवाज होता. निधनरावांच्या डोक्यात मात्र सवयीने मजकूर जुळू लागला. येथील ज्येष्ठ उपसंपादक यांचे सर्फिंग करताना. नाही, सर्फिंग करताना म्हणता येणार नाही. अपघाती म्हणावं, तर स्वतःच्या पायांनी चालत आलेले. पश्चात पत्नी. पश्चात पत्नी आणि. तिथे ते अडले. पत्नी आणि एक मुलगी असं लिहायचं, की नुसतंच पत्नी, हे कळायला काही मार्ग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एक चौकट पुरी करता आली नाही. त्यांनी हातपाय झाडायला सुरुवात केली ती त्या एका ओळीसाठी.

कोणीतरी त्यांची कॉलर धरली. "फळीला मिठी मारा. सोडू नका. सोडू नका म्हणतेय ना."

पिवळी टोपी डोळ्यांसमोर होती. टोपीखालचा चेहरा कोणा दुसरीचाच होता. निधनरावांना त्या क्षणी आनंद व्हावा की धसका बसावा, हे ठरवायला सवड मिळाली नाही, कारण मागून लाट आली, तिने दोघांना फळीसकट उचललं आणि थेट किनाऱ्यावर आणून टाकलं. टाळ्या वाजल्या. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने तेवढ्यात काम उरकलं होतं.

जीवरक्षकाच्या खोलीत त्यांना घोंगडीत गुंडाळून बसवलं. बायकोला फोन गेला, बायकोने मुलीला केला. थोड्या वेळाने मुलगी आली. केस कोरडे, फक्त चपला ओल्या. तिने बापाकडे पाहिलं आणि दाराशीच थांबली.

"तू कुठे होतीस?" निधनरावांनी विचारलं.

"खाडीच्या आतल्या बाजूला. साखर कारखान्यामागे."

"तो माझ्या लेखात नाही."

"म्हणून तर तिथे गेलो," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या त्या पाचही जागा मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेय. आई म्हणायची, पानावर बसून नका सांगू, आणि तुम्ही सांगायचातच. दंतवैद्यांचा धाकटा मुलगा आमच्याच शाळेत होता. मी कशाला जाईन तिथे?"

तिने घोंगडीचं सुटलेलं टोक त्यांच्या खांद्यावर नीट केलं.

"कसा आहे तो खाडीतला किनारा?" त्यांनी विचारलं.

"कंटाळवाणा. मांडीएवढं पाणी. लाट येते न येते. तिथे कोणाला काही होत नाही."

सोमवारच्या अंकात त्यांचा फोटो आला, फळीला मिठी मारून लाटेवरून येतानाचा, डोळे मिटलेले. पाहणाऱ्याला ती समाधी वाटावी. मॅडम खूश होत्या. वाचकांनी आता गिर्यारोहणासाठी चांगले कडे विचारले होते. "कड्यांची माहिती असेलच तुम्हाला," त्या म्हणाल्या.

माहिती होती. कोणत्या कड्यावरून कोण, तेही चेहऱ्यांसकट. "मॅडम, कडे नकोत," निधनराव म्हणाले. "मला अशा जागांवर लिहू द्या जिथे काही होत नाही."

"असलं कोण वाचणार?"

"ज्यांची मुलं सुट्टीच्या दिवशी घराबाहेर जातात ते."

मॅडमनाही एक मुलगा होता आणि त्याने नुकतीच मोटरसायकल घेतली होती. त्यांनी पानाच्या तळाशी एक कोपरा मोकळा करून दिला. निधनरावांनी पहिल्याच शनिवारी खाडीतल्या किनाऱ्यावर लिहिलं. मांडीएवढं पाणी, मऊ वाळू, ओढ अजिबात नाही. इतक्या समाधानाने त्यांनी आजवर एकही ओळ लिहिली नव्हती. अंक हातात आल्यावर त्यांनी तो मजकूर स्वतःच दोनदा वाचला.

रविवारी दुपारी मुलगी घरी आली, तेव्हा जेवणाची पानं वाढली होती. तिचे केस निथळत होते आणि तोंड फुगलं होतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "शहरातले झाडून सगळे आईबाप पोरं घेऊन खाडीत उतरलेत. फळी टाकायला जागा नाही."

"मग तू इतकी भिजलीस कुठे?"

"दीपगृहाखाली गेलो," ती टॉवेल घेत म्हणाली. "तिथे चिटपाखरू नव्हतं."

निधनरावांच्या हातातला घास हातातच राहिला. ते तिच्या केसांतून जमिनीवर ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. बायकोने विचारलं, काय झालं. ते काही नाही म्हणाले, पाय लांब करून शेजारची खुर्ची मुलीसाठी बाहेर ढकलली, आणि त्या दिवशी पानावर बसून कोणाचीही गोष्ट सांगितली नाही.