पाहुणे कलाकार वाकळे

आमच्या वरच्या मजल्यावरचे वाकळे दाराची बेल कधीच वाजवत नाहीत. दार सताड उघडं असलं तरी हा सहा फुटी माणूस चपला बाहेर काढतो, उंबऱ्यापाशी थांबतो आणि विचारतो, "येऊ का?" आपण "या" म्हटल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. एकदा मी फोनवर बोलत होते. हातानेच 'थांबा' अशी खूण केली आणि साफ विसरून गेले. वीस मिनिटांनी बघते तर वाकळे तिथेच उभे, हातात इम्रतीचा, म्हणजे उडदाच्या जिलबीचा, डबा घट्ट धरून.

"अहो, आत यायचं नाही का?" मी ओशाळून म्हटलं.

"तुम्ही 'या' म्हणलाच नाहीत, वहिनी," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती.

वाकळे वाळूजच्या एका कंपनीत नोकरीला आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. डोक्यावर पुढचं छप्पर उडालेलं, पण मागे खांद्यापर्यंत केस आणि त्याला रबरबँड. कंपनीच्या निळ्या शर्टाच्या आत कायम काळा टी-शर्ट. कारण वाकळे मूळचे रॉकवाले. ते बेस गिटार वाजवतात. म्हणजे चार जाड तारांची, सगळ्यात खालचा घुमारा काढणारी गिटार. ते वर सराव करायला बसले की खाली आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना टेकून गप्पा मारायला लागतात. नव्याने राहायला आलो तेव्हा मी भूकंप समजून सासूबाईंना जिन्यात नेऊन उभं केलं होतं.

आता आपल्या शहरात रॉक ऐकणारे किती? पण वाकळ्यांचं अडलं नाही. गेली पंचवीस वर्षं ते दुसऱ्यांच्या अल्बममध्ये पाहुणे म्हणून वाजवतात. कव्वालीचा असो, भीमगीतांचा असो, बारशाच्या गाण्यांचा असो, नाही तर कुठल्या पतपेढीच्या जाहिरातीचा असो. हल्ली अल्बम म्हणजे मोबाईलवर चढवलेली सात-आठ गाणी आणि वर एक चित्र. त्या चित्राखाली अगदी शेवटी, मुंगीच्या अक्षरात 'पाहुणे कलाकार : अशोक वाकळे' असं छापलेलं असतं. तेवढं नाव आलं की त्यांचं पोट भरतं.

आणि हा 'पाहुणे' शब्द वाकळ्यांनी जरा जास्तच मनावर घेतलेला आहे. दुसऱ्याच्या गाण्यात जायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरी जायचं, असं त्यांचं ठाम मत. त्याची आचारसंहिता त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवली आहे की मी माझ्या शाळेत गणिताऐवजी तीच शिकवू शकेन.

"बोलावल्याबिगर जायचं नाय. रिकाम्या हातानं जायचं नाय. यजमानानं बसवलं तिथं बसायचं. फर्निचर हलवायचं नाय. वाढलं तेवढंच खायचं. अन् 'लई झ्याक झालं' म्हणून टायमात उठायचं."

हे नुसतं बोलणं नाही. रेकॉर्डिंगला जाताना ते खरोखरच इम्रती घेऊन जातात. स्टुडिओच्या दाराशी खरोखरच "येऊ का?" विचारतात. उस्मानपुऱ्यात प्रशांत नावाच्या मुलाची रेकॉर्डिंगची खोली आहे, तो सांगत होता, "खुर्ची दिली तरी काका खाली सतरंजीवरच बसतात. म्हणतात, खुर्ची घरच्यांची."

शांताबाई मगरे म्हणून भीमगीतं गाणाऱ्या बाई आहेत. आवाज असा की माइकने जरा मागे सरकून बसावं. वाकळे लहानपणापासून आईचं बोट धरून त्यांच्या कार्यक्रमांना जात आलेले. त्यांच्या अल्बममध्ये वाकळ्यांनी एका अख्ख्या गाण्यात फक्त चार सूर वाजवले. शांताबाई म्हणाल्या, "आरं पोरा, एवढी मोठी बंदूक आणलीस अन् चारच गोळ्या?" वाकळे म्हणाले, "मावशी, चारात भागतंय. तुमचं ताट भरलेलं हाय, मी कशाला त्यात हात घालू?"

पडेगावच्या हमीदभाई कव्वालांसाठी तर त्यांनी गिटारच बदलली. बेसच्या दांड्यावर बारीक धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामुळे सूर ठरल्या जागी पडतो. पण हमीदभाईंचा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तिथे या पट्ट्या आडव्या यायला लागल्या. वाकळ्यांनी घरी येऊन पक्कड घेतली, सगळ्या पट्ट्या उपटल्या आणि खाचांत सुताराकडची लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून टाकली. चांगल्या वस्तूचं असं मातेरं मी पाहिलं नव्हतं. हमीदभाई मात्र खूश. "वाकळे, तू बैठा ना, तो गाने को वजन आता रे," असं ते म्हणाले, आणि ते वाक्य वाकळे अजून भेटेल त्याला ऐकवतात.

वाकळ्यांचा या जगात एकच शत्रू आहे, तो म्हणजे मोबाईल. कारण मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस ऐकूच येत नाही. पंचवीस वर्षं वाजवलं आणि लोक ऐकतात मोबाईलवर, म्हणजे वाकळे सोडून बाकीचं सगळं ऐकतात. त्यामुळे अल्बम आला की ते लहानशा फ्रीजएवढा स्पीकर उचलून घरोघर जातात. "येऊ का?" विचारतात, स्पीकर मध्ये ठेवतात आणि सांगतात, "कान नका लावू. हात ठेवा पाठीवर." आपण गपगुमान स्पीकरच्या पाठीवर हात ठेवायचा. माझ्या सासूबाईंनी हात ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, "गिरणी चालू झाली का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाकळे मात्र फुलले. "बघा, आजींना कळलं! लोकांना पीठ दिसतं, वहिनी. गिरणी कुणाला दिसत नाय."

मग गेल्या वर्षी आमच्या महिला भजनी मंडळाने अल्बम काढायचं ठरवलं. मी त्यात टाळ वाजवते आणि मागे उभी राहून तोंड हलवते. मुख्य गायिका कुलकर्णी काकू. काकूंना वाकळ्यांचं नाव सुचवलं तर त्या म्हणाल्या, "तो शेपटीवाला? विठ्ठलासमोर धांगडधिंगा नको हं." पण मी गळ घातली आणि त्यांना बोलावलंच. ठरल्या दिवशी वाकळे प्रशांतच्या खोलीवर आले, चपला बाहेर, हातात डबा, "येऊ का?" काकू विरघळल्या.

काकूंचा आवाज गोड, पण त्यांना एक खोड आहे. प्रत्येक कडव्याला त्या नकळत थोड्या खाली उतरतात. सुरू करतात गच्चीवर आणि संपवतात तळमजल्यावर. पेटी वाजवणाऱ्या जोशीबाईंनी दुसऱ्याच कडव्याला हात टेकले आणि पेटी मिटली. प्रशांतने कपाळ धरलं. काकूंना हे सांगणार कोण? आणि वाकळे सतरंजीवर बसून शांतपणे काकूंच्या बरोबर खाली उतरत होते. पट्ट्या नसलेल्या त्या दांड्यावर त्यांचं बोट अगदी केसभर, केसभर सरकत होतं. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून जिना उतरवावा, तसं त्यांनी काकूंना पाच कडवी उतरवलं. ऐकणाऱ्याला वाटतं, चालच तशी आहे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाकळे, कमाल केलीत."

"कमाल कसली? यजमान उठून दुसरीकडं बसलं तर पाहुण्यानं पण तिकडंच बसावं," ते म्हणाले आणि कंपनीची बस गाठायला पळाले.

त्यांचा इम्रतीचा डबा माझ्याकडे राहिला. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून रविवारी त्यात शंकरपाळे भरून मी वर गेले. जिना चढताना लक्षात आलं की बारा वर्षांत मी या घरात एकदाही आलेले नाही. नेहमी तेच खाली यायचे. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं.

त्यांनी दार उघडलं आणि मीच त्यांच्यासारखं विचारलं, "येऊ का?" पंचवीस वर्षं दुसऱ्या बाजूने तो प्रश्न विचारलेला माणूस उत्तर विसरला होता.

बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीपुढे माइक, एकीजवळ गिटारचं स्टँड, तिसरीपुढे ढोलकीपेक्षा जरा मोठे ड्रम. कशावर धूळ नव्हती.

"कुणी येणार आहे का?" मी विचारलं.

"येतील की," ते म्हणाले. मग हळूहळू सांगितलं. वाळूजला शिकाऊ कामगार म्हणून लागले तेव्हा चौघांनी मिळून बँड काढला होता, नाव 'भडकल', शहरातल्या जुन्या दरवाजावरून. गाणारा इरफान. त्यांचं एक गाणं होतं, कंपनीच्या बसवरचं. पहिल्या पाळीची बस एकाला टाकून निघते आणि बाकीचे ओरडतात, 'थांबव गाडी, माणूस राह्यला!' गाणं रेकॉर्ड करायचं राहून गेलं. एक पुण्याला गेला, एक बंगळूरला, इरफान शारजाला. दर सुट्टीला 'पुढच्या सुट्टीत बसू' असं ठरतं.

"माझं काम मी करून ठेवलंय," वाकळे म्हणाले. "आले की त्येंनी फक्त वाजवायचं."

त्यांनी गाणं लावलं. मी न सांगता स्पीकरच्या पाठीवर हात ठेवला. गाणं कसलं, नुसता बेस. घुमारा चालायचा, मग थोडी जागा मोकळी, पुन्हा घुमारा. भिंती आहेत आणि आत माणूस नाही, असं ते घर. आणि दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, जिथे बाकीच्यांनी थांबून इरफानने एकट्याने गायचं, तिथे वाकळ्यांचा स्वतःचा आवाज आला. वाजवता वाजवता, अगदी हळू, "ये."

माझा हात स्पीकरवरून निघेना. "कधी केलंत हे रेकॉर्ड?"

"झाली धा-बारा वर्षं."

"त्यांना कधी बोलावलंत का? असं नीट, तारीख ठरवून?"

"बोलावून पाहुणा येतो, वहिनी," ते म्हणाले. "दोस्त आपला आपण येतो."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. दुसऱ्यांच्या घरी जाऊन पंचवीस वर्षं पाया घालणारा हा माणूस, आणि याच्या घरी तीन रिकाम्या खुर्च्या. मी म्हटलं, "मग आमच्यातल्या कुणाला तरी बोलवायचं!"

"तुमची आपापली घरं हायत. माझ्याकडं कशाला कोण येईल?" असं म्हणून ते चहा ठेवायला आत गेले.

खाली येऊन मी चार फोन केले. वाकळ्यांना काही कळवायचं नाही, एवढीच अट घातली.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला आमच्या जिन्यात मिरवणूक उभी राहिली. पुढे कुलकर्णी काकू, मागे आमचं मंडळ टाळांसकट, मग शांताबाई, हमीदभाई आणि वायरी गळ्यात घातलेला प्रशांत. प्रत्येकाच्या हातात काही ना काही डबा. वाकळ्यांनी बनियनवरच दार उघडलं. कुणीही "येऊ का?" विचारलं नाही. काकू त्यांना बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "चहाचं भांडं कुठंय रे?"

"पण... मी बोलावलं नव्हतं कुणाला," वाकळे म्हणाले.

"ठाऊक हाय," शांताबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "म्हणून तर आलो."

पुढचे दोन तास वाकळ्यांची जी तारांबळ उडाली ती सांगता सोय नाही. घरात कप सहा आणि माणसं अकरा. ते एकाला पाणी द्यायचे, दुसऱ्याला उशी, तिसऱ्याला पुन्हा पाणी. हमीदभाई वैतागले, "मियाँ, बैठ जाओ! घर तुम्हारा है, मेहमान के वास्ते चक्कर क्यूँ मार रे?" मग वाकळ्यांनी शब्द आणि चाल सांगितली, प्रशांतने त्यांचा जुना बेस लावला आणि एकदाचं गाणं सुरू झालं. शांताबाईंनी पहिलं कडवं उचललं. हमीदभाईंनी आलाप घेतला. आणि कुलकर्णी काकूंच्या मागे आमच्या अख्ख्या मंडळाने टाळांच्या गजरात आरोळी ठोकली, "थांबव गाडी, माणूस राह्यला!" विठ्ठलासमोर एवढ्या पोटतिडकीने आम्ही कधी गायलो नव्हतो. समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले.

दुसरं कडवंही शांताबाई गाणार होत्या. तेवढ्यात वाकळे, ज्यांनी आयुष्यात कुणाला कशाला नाही म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "मावशी, तेवढं ऱ्हाऊ द्या. ती जागा इरफानची हाय." शांताबाईंनी नुसती मान हलवली.

प्रशांतने सगळं जुळवलं आणि म्हणाला, "काका, इथं मध्येच तुमचा आवाज आलाय, 'ये' असा. उडवून टाकतो."

"हात लावशील तर बघ," कुलकर्णी काकू म्हणाल्या.

गाणं मोबाईलवर चढलं. चित्राखाली नावं लिहायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. 'पाहुणे कलाकार' हा रकानाच वाकळ्यांनी ठेवला नव्हता. आमची सगळ्यांची नावं एकाखाली एक, आणि वर लिहिलं होतं, 'घरची मंडळी'. माझंही नाव होतं, नुसतं टाळ वाजवून.

इरफानला गाणं पाठवलं आहे. त्याने अंगठा दाखवला आणि लिहिलं, 'पुढच्या सुट्टीत नक्की'. वाकळे तेवढ्यावर खूश आहेत. त्याच्या खुर्चीपुढचा माइक ते अजून दर रविवारी पुसतात. फरक एवढाच की आता पुसत असताना घरात आमच्यापैकी कुणीतरी बसलेलं असतं.

तुम्ही हे गाणं ऐकलंत, तर मोबाईलवरच ऐकणार, मला माहीत आहे. बेस तुम्हाला ऐकू येणार नाही. दुसऱ्या कडव्याला तर सगळं एकदम थांबेल आणि वाटेल की फोन बिघडला. बिघडलेला नसतो. जरा थांबा. त्या शांततेत एक माणूस अगदी हळू 'ये' म्हणतो. तेवढं मात्र कुठल्याही मोबाईलवर स्वच्छ ऐकू येतं.