प्रोजेक्टरला मी बसवलेले पंखे

मंडळी, हवेबद्दल मला कुणी काही शिकवू नये! बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं मी विंड टनेल सांभाळलं. विमानाच्या मॉडेलवर वारा सोडून तो कसा वाहतो ते बघायचं, हेच माझं आयुष्य. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाचा प्रोजेक्टर दर दहा मिनिटांनी तापून बंद पडायला लागला, तेव्हा मी समितीला एवढंच म्हणालो, "आतले दोन पंखे गेलेत. या उमाकांतकडे सोपवा आणि निवांत झोपा!"

घाई होती, कारण रविवारी माझ्या बायकोचं, प्रमोदिनीचं भाषण होतं. जन्मातलं पहिलं! शहरातल्या जुन्या मराठी घराण्यांचे एकशे बारा फोटो तिने दोन वर्षं दारोदार हिंडून जमवले होते. फोटोंशिवाय आपल्याला चार वाक्यंही बोलता यायची नाहीत, या धास्तीने ती आठवडाभर धड जेवली नव्हती.

"अहो, दुकानात देऊ या ना दुरुस्तीला," ती म्हणाली.

"दुकानात? घरात शास्त्रज्ञ असताना?"

एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी पंखे आणले. दुकानदार यल्लाप्पा बेळगावकडचा. पंखे कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "सर, जुनं जसं होतं तसंच बसवा बघा. पंख्यावर बाण असतोय, तो उलटा करू नका."

हे मला! मी नुसता हसलो.

घरी प्रोजेक्टर उघडला आणि हादरलोच. जुन्या पंख्यांची पाती गुलाबी! सहा गणेशोत्सव हा प्रोजेक्टर गुलालाच्या धुरळ्यात चालला होता आणि त्याने तो पोटभर ओढून घेतला होता. पण खरा धक्का पुढेच होता. पंख्यांवरच्या बाणांप्रमाणे आतली हवा डावीकडून उजवीकडे वाहत होती! माझ्या टनेलमध्ये ती तीस वर्षं उजवीकडून डावीकडे वाहत आली होती. एवढी मोठी कंपनी आणि एवढी ढोबळ चूक? मी दोन्ही पंखे उलटे बसवून ती दुरुस्त केली. डाव्या बाजूची धूळ अडवणारी जाळी मात्र झटकली नाही. आमच्याकडे ते काम शिपाई करायचा.

दोन मिनिटं चालवून पाहिला. काय मंद, शांत वारा! प्रमोदिनी आठवड्यात पहिल्यांदा हसली.

रविवारी हेब्बाळ भागातला हॉल गच्च भरला. प्रोजेक्टर पहिल्या रांगेजवळ स्टुलावर, आणि त्याच्या डावीकडे खुर्चीत प्रमुख पाहुणे नागोजीराव. शहरातल्या फार जुन्या मराठी घराण्यातले थोरले, वय अठ्ठ्याऐंशी, पांढरंशुभ्र रेशमी धोतर! प्रमोदिनी माईकपुढे उभी राहिली. पहिलाच फोटो नागोजीरावांच्या आजोबांचा. टाळ्या!

आता, दिवा तापेपर्यंत पंखे हळू फिरतात आणि तापला की जीव खाऊन फिरतात, हे मला दोन मिनिटांत कसं कळणार? चौथ्या फोटोला घर्रर्र झालं आणि सहा वर्षांचा गुलाल जाळीतून फस्सकन बाहेर आला! नागोजीराव शेंडीपासून धोतरापर्यंत गुलाबी!

"अय्यो! काय हो हे, अण्णा?" ते किंचाळले. "स्वल्प थांबवा की!"

"काही नाही, सर, हवेची दिशा फक्त..." म्हणत मी धावलो आणि प्रोजेक्टर त्यांच्यापासून वळवला. मंडळी, वळवला तो थेट समितीकडे! अध्यक्ष श्रीकांत तोंड उघडून बघत होते. ते तोंड मिटण्याआधीच भरलं! मग टक् असा आवाज आला, लाल दिवा लागला, आणि प्रोजेक्टर कायमचा गेला.

दोन वर्षांची मेहनत मी दोन स्क्रूंनी उधळली होती, आणि ती बिचारी तिथे एकटी उभी! तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

आणि ती बोलली.

"पुढचा फोटो आनेकल गावच्या चंपाअक्कांचा होता," ती म्हणाली. "त्यांच्या घरात चूल एक आणि जावा सहा..."

फोटो नाही, कागद नाही! त्या सहा जावा कन्नडमध्ये भांडायच्या आणि मराठीत समेट करायच्या, हे तिने असं काही रंगवलं की हसून हसून नागोजीरावांच्या गुलाबी गालांवर डोळ्यांतलं पाणी ओघळलं. पन्नास मिनिटं! शेवटी सगळा हॉल उठून उभा राहिला. मीसुद्धा. माझेही डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला सांगू, ते गुलालामुळे नव्हतं.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "अगं, एवढी घाबरली होतीस! समोर निम्मे लोक शिंकत होते, निम्मे कपडे झटकत होते. तरी न अडखळता बोललीस कशी?"

"त्यात काय?" प्रमोदिनी म्हणाली. "समोरच्याचं लक्ष नसलं तरी बोलत राहायची तीस वर्षांची सवय आहे मला."

त्यानंतरही ती बरंच काही बोलली म्हणे. मी तेव्हा मनातल्या मनात एक पंखा सरळ बसवून बघत होतो.