ना-हेतू दाखला

केज तालुक्यातल्या एका गावी पंचवीस घरांची ख्रिस्ती मंडळी होती. त्या साली भाद्रपद सरत आला तरी पाऊस नव्हता, म्हणून पावसासाठी जाहीर प्रार्थना करायचं ठरलं. प्रार्थनेआधी माणसानं आपला हेतू तपासावा, एवढं उपदेशात सांगून पास्टरसाहेब नेकनूरला निघून गेले. तपासणी सापडली सुग्रीवरावांच्या तावडीत.

सुग्रीवराव सेवा सोसायटीत सचिव म्हणून तीस वर्षं मुरलेले. तपासणी म्हटली की समिती आली, समिती म्हटली की छापील अर्ज आला. ना-हरकत दाखल्याच्या धर्तीवर त्यांनी ‘ना-हेतू दाखला’ काढला. पावसात ज्याचा काडीचा स्वार्थ नाही, त्यानंच प्रार्थना करायची.

पहिल्या छाननीत जमीनवाले बाद झाले, दुसरीत म्हशीवाले. उरले बिनजमिनीचे, म्हणून सत्यभामाबाईला धीर आला. तिची रूथ दहावीला होती. पाऊस झाला तर गावातच कामं निघणार होती. नाही झाला तर दसऱ्यानंतर सगळ्यांनी ऊसतोडीला जायचं आणि पोरीची दहावी फडातच बुडायची. बाईनं अर्जात हे सगळं खरंखरं लिहून दिलं.

“वहिनी, ह्यो तर उघड हेतू हाय,” सुग्रीवराव म्हणाले.

“मग बिनहेतूचं कावून मागू, भाऊजी? तहान न्हाई त्यानं पाणी मागावं व्हय?”

समितीनं ‘अर्जदारास पश्चात्ताप नाही’ असा शेरा मारला. खाली सदस्य म्हणून तिच्याच नवऱ्याची, आसारामची, सही होती. घरातला माणूस असून आपण पक्षपात केला नाही, याचा त्याला अभिमान वाटला. तिला मात्र तीच सही सगळ्यात जास्त लागली.

अखेर एकच अर्ज टिकला. तो टँकरवाल्या मोहनरावांचा. पाऊस पडला तर त्यांचे चारही टँकर दारात उभे राहणार होते. इतका निर्मळ अर्जदार समितीनं पाहिला नव्हता.

रविवारी मोहनराव कडक इस्त्रीत उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, “प्रभो, तुझ्या इच्छेनं, तुझ्या सवडीनं होऊ दे. आमाला घाई न्हाई.”

सगळ्यांनी आमेन म्हटलं. आभाळ कोरडंच राहिलं. प्रार्थना निःस्वार्थपणे पार पडल्याबद्दल समितीनं मोहनरावांच्या अभिनंदनाचा ठराव केला. दसरा झाला आणि आसारामचं बिऱ्हाड ट्रकात चढलं. रूथनं पुस्तकं बरोबर घेतली होती. ती कधी उघडायची, ते कुणी तिला विचारलं नाही. सत्यभामाबाई रडली, आणि तिनं ते लपवलंही नाही.

आसाराम गेल्यामुळे समितीत एक जागा रिकामी झाली आहे. अट एकच, दुसऱ्याचा हेतू चटकन ओळखता आला पाहिजे. स्वतःच्या हेतूसाठी या जागेच्या अर्जात रकानाच नाही. मोहनरावांचा तर तुम्ही केव्हाच ओळखलात. तेव्हा तुमची निवड झाल्यातच जमा समजा.