दोन पातेली आणि एक खडक

एकेचाळीस दिवस रिम्मा पावलोव्हना दाबमापकाच्या एका काट्याकडे बघत होती, आणि त्यातले पहिले एकोणतीस दिवस काटा हललाच नव्हता. पोलादी नळकांड्यात वालुकाश्माचा हातभर तुकडा, त्याच्या बारीक छिद्रांत पाणी, त्यावर हवेच्या चाळीसपट दाबाने कोंडलेला मिथेन वायू आणि भोवती शीतखोलीची दोन अंशांची थंडी. एवढं जमवून द्यायचं आणि खडकाची मर्जी होईपर्यंत थांबायचं. मर्जी झाली की पाणी आणि वायू एकमेकांना धरून बर्फासारखे गोठतात, नाहीतर नाही. तिसाव्या दिवशी काटा उतरू लागला, खडक वायू गिळू लागला, आणि काटा चौतिसावर येऊन थांबला. त्या संध्याकाळी रिम्मा घरी गेली ती जेवण न करताच झोपली.

गुरुवारी मॉस्कोहून मंत्रालयाचे अधिकारी येणार होते. त्यांना हा पेटणारा बर्फ बघायचा होता, आणि सायबेरियातल्या त्युमेनची ही प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, ते बघून ठरवायचं होतं.

मंगळवारी दुपारी रिम्मा जेवून आली तर शीतखोलीचं दार किलकिलं होतं आणि आतून लसणाचा वास येत होता. नळकांड्याला खेटून दोन मोठाली पातेली वाफाळत होती.

"माझी आहेत ती," मागून प्रयोगशाळाप्रमुख इप्पोलित सेम्योनोविच म्हणाले. "उद्या साठ पूर्ण होतायत ना मला. बायकोनं पायाचा रस्सा केलाय, थंड करून जेलीसारखा थिजवायला. घरच्या फ्रिजमध्ये मावत नाही."

"बाहेर उणे अठ्ठावीस आहे. बाल्कनीत ठेवायचा."

"बाल्कनीत दगड होतो हो त्याचा. हळूहळू थिजायला हवा."

"आणि दार?"

"दोन्ही हातांत पातेलं. पायानं लोटलं होतं की."

खोली नऊ अंशांवर गेली होती. खडकातला बर्फ सुटत होता, कोंडलेला वायू मोकळा होत होता आणि काटा पन्नास ओलांडून गेला होता. रिम्माने एका पातेल्याला हात घातला.

"सांभाळून, डुचमळवू नका," इप्पोलित म्हणाले. "थर बिघडतो."

पंचावन्नला सुरक्षेची झडप उघडली. सुटलेला वायू खिडकीबाहेर नेणारी नळी कधीच निखळली होती. ती बसवून द्या म्हणून रिम्माने तीन अर्ज केले होते आणि तिन्ही इप्पोलितच्या टेबलावर होते. वायू खोलीत भरला, भोंगा वाजला आणि तीन मजल्यांवरची माणसं होती तशी बर्फात येऊन उभी राहिली. ग्रंथालयाच्या बाई तर सपाता घालूनच आल्या होत्या.

अग्निशमन दलाचा माणूस कागद घेऊन आला. "कशानं झालं?"

"तापमानात अनपेक्षित वाढ," इप्पोलित म्हणाले.

"कशामुळे?"

इप्पोलितनी रिम्माकडे बघितलं. "पायाच्या रश्श्यामुळे," रिम्मा म्हणाली.

"गरम होता की गार?"

"गरम."

त्याने तसं लिहून घेतलं.

"आता गुरुवारी दाखवायचं काय?" आत आल्यावर इप्पोलित पुटपुटले.

"रस्सा दाखवा."

तरी हाताला सवय होती म्हणून रिम्माने खोली पुन्हा गार केली, त्याच खडकातल्या त्याच पाण्यावर पुन्हा वायू भरला, काटा चाळीसवर आणला आणि घरी गेली. सकाळी काटा चौतीसवर होता. तिने काचेवर टिचकी मारली. मग वायू गळतोय का ते बघायला सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. बर्फ झाला होता. एकदा गोठून सुटलेलं पाणी तो घाट विसरत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं, पण पाण्याचा भरवसा तिला कधी वाटला नव्हता.

गुरुवारी बशीतला गारठलेला खडक निळसर ज्योतीने जळला आणि खाली पाणी ठिबकत राहिलं. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "छान. किती दिवस लागतात याला?"

"एकेचाळीस," इप्पोलित अभिमानाने म्हणाले.

"एका खडकाला?" अधिकाऱ्यांनी फाईल मिटली. "मग कसं चालायचं हो?"

या प्रयोगशाळेवर अकरा माणसांचं पोट होतं. रिम्माने सुस्कारा सोडला. "एका रात्रीत होतो," ती म्हणाली, "एकदा गोठून सुटलेलं पाणी वापरलं तर."

फाईल पुन्हा उघडली. इप्पोलित ही गोष्ट आपल्याला केव्हाची ठाऊक असल्यासारखे मान हलवू लागले.

"मग डिसेंबरपर्यंत शंभर नमुने होतील?"

"दीडशे," इप्पोलित म्हणाले.

"मी जूनमध्ये निवृत्त होतेय," रिम्मा म्हणाली.

"अहो, असं कसं? शोध कुणाचा?" इप्पोलितनी दीडशे नमुन्यांच्या हमीचा कागद पुढे ओढला. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी एकाही शोधनिबंधावर तिचं नाव घातलं नव्हतं. आज मात्र 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात त्यांनी एकट्या तिचंच नाव घातलं, सुवाच्य अक्षरात, वडिलांच्या नावासकट.