तुंगाबाईचा हिरवा रंग

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. तिला अजून कोणी हात लावला नव्हता. म्हणून एका माकडाने तिथे 'अस्पर्श नदी विहार केंद्र' काढले. काठाकाठाने 'अस्पर्श'च्या पाट्या ठोकल्या आणि पाण्यात रबरी होड्या सोडल्या. शहरातली कुत्री, मांजरे आणि पिंजऱ्यासकट आलेले पोपट हेल्मेट घालून धबाधब पाण्यात पडू लागले. निसर्गाच्या जवळ जायचे तर एवढे करावेच लागते.

त्या काठी तुंगाबाई मगर राहायची. तिने वाळूत अंडी पुरली होती आणि पिल्ले निघेपर्यंत ती राखण करत बसली होती.

पाहुण्यांना मगर बघायची भारी हौस. पण तुंगाबाई दिवसभर निपचित पडलेली. ही खोटी असणार, असे पाहुणे म्हणू लागले. मग एकदा तिने नुसती कूस बदलली, तर एका पामेरियनला घेरी आली. तक्रार झाली. माकडाने ठेकेदाराकडून सिमेंटची मगर बनवून आणली. हिरवीगार, जबडा उघडा, जीभ लालभडक. मगर असावी तर अशी, असे सगळ्यांचे मत पडले.

आता खऱ्या मगरीची अडचण होऊ लागली. पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी इथे जंगली प्राण्यांना मनाई आहे, असे माकडाने तिला सांगितले.

"भाऊजी, माझी अंडी आहेत हो वाळूत," तुंगाबाई म्हणाली. "हलवली तर नासतील."

"मग नासू देत, बाई. उद्या तिथे तंबू ठोकायचे आहेत."

दुसऱ्या दिवशी माकड जेवायला गेले तेव्हा तुंगाबाई अंड्यांच्या जागेवर जबडा उघडून पडली. माकडाने परत येऊन पाहिले, तर मगरी दोन. ठेकेदाराने चुकून एक जास्त पाठवली असे समजून त्याने तंबू पलीकडे ठोकले. ही मगर जरा कळकट वाटली, म्हणून रंगारी खारीला ऑइलपेंटचा डबा देऊन पाठवले. तिने अंग हिरवे केले, जीभ लाल केली. तुंगाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने पापणी हलवली नाही. पाहुणे पाठीवर बसून फोटो काढत. एक पोपट तर पिंजऱ्यातून निघून थेट जिभेवर येऊन बसला. तिला भूकही लागली होती. आई होणे सोपे नसते, मुलांनो.

एका सकाळी वाळूतून बारीक आवाज आले. तुंगाबाईने वाळू उकरली, पिल्ले अलगद जबड्यात घेतली आणि पाण्यात नेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माकडाने पुढचा खेळ चार वाजता असल्याचे जाहीर केले.

वरच्या अंगाला, दाट झाडीत, मायलेकरांचे सुखाचे दिवस सुरू झाले. फक्त पाण्याने रंग सुटत चालला. तो पुरता निघाला त्या दिवशी मातकट तुंगाबाई पिल्लांजवळ गेली, तर ती किंचाळत लव्हाळ्यात पळाली.

"अरे, मीच तुमची आई."

"आमची आई हिरवी आहे," थोरले पिल्लू म्हणाले. "तू जंगली दिसतेस."

तुंगाबाई खूप रडली. अश्रू खरे होते, पण मगरीचे असल्यामुळे कोणी मनावर घेतले नाही.

संध्याकाळी ती निमूटपणे केंद्रावर गेली, सिमेंटच्या मगरीशेजारी जबडा उघडून पडली आणि खारीची वाट पाहू लागली.

तात्पर्य : आपण मुळात जसे आहोत तसेच राहावे. रंगाचा हात मात्र वेळच्या वेळी मारून घ्यावा, म्हणजे घरचे ओळखतात.